जाळीपाशी उभा असलेला खेळाडू आणि त्याच्या बाजूने निसटणारा चेंडू : पासिंग शॉटची सव्वाशे वर्षे

#थ्रेड

१/
विम्बल्डनच्या पहिल्यावहिल्या विजेत्याने १८७७ साली एक युक्ती वापरली. ती इतकी परिणामकारक ठरली की पुढील काही वर्षांत तिच्यावर नियमानेच बंदी घालावी, अशी मागणी इंग्लंडात होऊ लागली. बंदी आली नाही. तिच्याऐवजी एक फटका जन्माला आला आणि तो घडवायला खेळाडूंच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या. तो फटका म्हणजे पासिंग शॉट. आजचा थ्रेड त्याच्या जन्माचा, उत्कर्षाचा आणि त्याच्या काहीशा चमत्कारिक विजयाचा.

२/
आरंभी संज्ञा स्पष्ट करून घेऊ. चेंडू जमिनीवर टप्पा घेण्यापूर्वीच हवेत मारणे म्हणजे व्हॉली. व्हॉली मारण्यासाठी जो खेळाडू जाळीजवळ येतो, तो कोर्टाचा फार मोठा भाग आपल्या आवाक्यात घेतो आणि प्रतिस्पर्ध्याचा वेळ निम्म्यावर आणतो. अशा खेळाडूच्या डावीकडून वा उजवीकडून, त्याची रॅकेट पोहोचणार नाही अशा रीतीने चेंडू पलीकडे घालवणे म्हणजे पासिंग शॉट. त्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू म्हणजे लॉब.

३/
आता १८७७ च्या जुलै महिन्यात जाऊ. स्थळ : लंडनजवळील विम्बल्डन येथील वॉर्पल रोडवरचे ऑल इंग्लंड क्लबचे मैदान. स्पर्धेत २२ पुरुष खेळाडू. कोर्टाची लांबी ७८ फूट आणि रुंदी २७ फूट. ही मापे आजही तीच आहेत. मात्र जाळी आजच्यासारखी नव्हती. मध्यभागी तिची उंची ३ फूट ३ इंच होती आणि दोन्ही खांबांपाशी तब्बल ५ फूट. आपल्या कथेची गाठ या पाच फुटांत आहे.

४/
विजेता होता स्पेन्सर गोर. मूळचा क्रिकेटपटू आणि रॅकेट्स या बंदिस्त खोलीत खेळल्या जाणाऱ्या खेळात तरबेज. त्या काळचे बहुतेक खेळाडू मागच्या रेषेवर उभे राहून शांतपणे चेंडू इकडून तिकडे धाडत असत. गोरने तो शिष्टाचार मोडला. तो थेट जाळीला भिडला आणि येणारा प्रत्येक चेंडू हवेतच खुडू लागला. अंतिम सामन्यात त्याने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असे नमवले.

५/
मार्शलने चेंडू गोरच्या बाजूने का काढला नाही? कारण बाजूने जाणारी वाट पाच फुटांच्या भिंतीने अडवलेली होती. रेषेलगत सरळ फटका मारायचा तर चेंडू खांबाजवळच्या उंच जाळीवरून उचलावा लागे आणि इतका उचललेला चेंडू कोर्टात उतरवणे अवघड होते. साहजिकच फटके मध्यभागातील सखल जाळीवरून जात. आणि तिथेच तर गोर उभा असे. त्याच्या चातुर्याला नियमांचे मूक साहाय्य होते.

६/
गोरला पहिले उत्तर मिळाले ते आपल्या शेजारच्या बेटावरून आलेल्या माणसाकडून. फ्रँक हॅडो सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मळेवाला होता. १८७८ साली रजेवर इंग्लंडात आला असताना तो विम्बल्डनमध्ये उतरला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे गतविजेता केवळ अखेरच्या आव्हान फेरीत खेळत असे. त्या फेरीत जाळीला चिकटून उभ्या राहिलेल्या गोरच्या डोक्यावरून हॅडोने चेंडू अलगद मागे टाकले. निकाल : ७-५, ६-१, ९-७.

७/
हॅडोने स्पर्धेत एकही सेट गमावला नाही. त्यानंतर तो सिलोनला परतला आणि विजेतेपद राखायला पुन्हा कधी आला नाही. विम्बल्डनशी त्याची पुढची भेट थेट १९२६ च्या सुवर्णमहोत्सवात झाली. पण त्याचे उत्तर अपुरे होते. लॉब यशस्वी होतो तो प्रतिस्पर्धी जाळीला फार चिकटला तरच. तो दोन पावले मागे सरकला, तर तोच लॉब त्याच्या हाती आयता सापडतो.

८/
ती दोन पावले मागे सरकली ती विल्यम आणि अर्नेस्ट या जुळ्या रेनशॉ बंधूंनी. ते जाळीपासून थोडे अंतर राखून, सर्व्हिस रेषेच्या आसपास उभे राहात. समोरून आलेला चेंडू व्हॉलीने मारत आणि वरून आलेला चेंडू स्मॅशने ठेचत. १८८१ साली विल्यम रेनशॉने आधीच्या दोन वर्षांच्या विजेत्याला, जॉन हार्टली या धर्मोपदेशकाला, ६-०, ६-१, ६-१ असे अवघ्या पाऊण तासाच्या आत गारद केले. पुढे त्याने एकेरीची एकूण सात विजेतेपदे मिळवली. हा सातचा आकडा ध्यानात ठेवा.

९/
हॅडोच्या लॉबला स्मॅशने उत्तर मिळाले होते. आता मागच्या रेषेवरच्या खेळाडूने करायचे तरी काय? हा प्रश्न केवळ खेळाचा राहिला नाही. व्हॉली हा खेळाचा अपभ्रंश आहे, तिने टेनिसमधले सौंदर्य नष्ट केले, म्हणून ती नियमबाह्य ठरवावी, असा सूर उमटू लागला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जो धोका पत्करून पुढे येतो त्याला त्याचे फळ मिळालेच पाहिजे. टेनिसने नेमके कोणते रूप धारण करावे, हाच वाद होता.

१०/
नियमकर्त्यांनी काढलेला तोडगा सुज्ञपणाचा म्हणावा लागेल. त्यांनी व्हॉलीला हात लावला नाही, जाळीला लावला. १८७८ साली खांबांपाशी जाळी ४ फूट ९ इंचांवर आली, १८८० मध्ये ४ फुटांवर आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत साडेतीन फुटांवर. मध्यभागी ती ३ फूट राहिली. याशिवाय जाळीच्या पलीकडे हात घालून चेंडू मारण्यास मनाई झाली. साडेतीन आणि तीन फूट ही मापे आजतागायत कायम आहेत. रेषेलगतची वाट अशी मोकळी झाली.

११/
वाट मोकळी झाली, पण तीवरून जाणारा वाटसरू हवा होता. तो होता हर्बर्ट लॉफर्ड. रेनशॉ बंधूंपेक्षा वयाने दहा वर्षे मोठा आणि मागच्या रेषेचा निष्ठावंत. त्याने आपल्या फोरहँडला जबरदस्त टॉपस्पिन दिला. रॅकेट खालून वर घासत नेल्याने चेंडू पुढच्या दिशेने गरगरत जाई आणि जाळी ओलांडताच झपकन खाली येई. समकालीनांनी या फटक्याला त्याच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली : 'लॉफर्ड स्ट्रोक'.

१२/
इथे क्षणभर विज्ञानाकडे वळू. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, हे आयझॅक न्यूटनने १६७२ साली प्रकाशाविषयीच्या एका पत्रात नोंदवले होते. अर्थात त्याच्यासमोर जुने राजवाड्यातले टेनिस होते. १८७७ साली, म्हणजे पहिल्या विम्बल्डनच्याच वर्षी, लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने टेनिस चेंडूच्या अनियमित उड्डाणावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट दिशेने ढकलते. टॉपस्पिनच्या बाबतीत ही दिशा खालची असते.

१३/
पासिंग शॉटसाठी याचे मोल काय? फिरकी नसलेला वेगवान चेंडू जाळीवरून थोडा जरी उंच गेला, तरी मागच्या रेषेबाहेर पडतो. टॉपस्पिनमुळे तोच चेंडू जोराने मारूनही कोर्टात उतरतो. आणि तो जाळीपाशी उभ्या असलेल्या खेळाडूच्या खांद्याला न येता गुडघ्याखाली येतो. लॉफर्डला हे प्रयोगाने गवसले होते.

१४/
तरीही इतिहास सरळ रेषेत चालत नाही. १८८४, १८८५ आणि १८८६ अशी लागोपाठ तीन वर्षे आव्हान फेरीत विल्यम रेनशॉने लॉफर्डला हरवले. अखेर १८८७ साली हाताच्या दुखापतीने विल्यम खेळू शकला नाही आणि लॉफर्डसमोर उभा राहिला अर्नेस्ट. १-६, ६-३, ३-६, ६-४, ६-४. वयाच्या ३६ व्या वर्षी लॉफर्ड विजेता झाला. व्हॉलीवर बंदी न घालताही तिला हरवता येते, हे सिद्ध झाले. बंदीच्या वादाचा जोर ओसरला.

१५/
आता थोडी भूमिती. कारण पुढच्या साऱ्या पिढ्या याच भूमितीत लढल्या. मागच्या कोपऱ्यातून चेंडू मारणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली रेषेलगत सरळ : लांबी ७८ फूट, जाळी जवळजवळ साडेतीन फूट. दुसरी तिरकी, समोरच्या कोपऱ्याकडे : लांबी सुमारे साडेब्याऐंशी फूट आणि जाळी मध्यभागी फक्त तीन फूट. तिरकी वाट लांब आणि सखल, म्हणून सुरक्षित वाटते. मग सगळेच तिरके का मारत नाहीत?

१६/
कारण समोर माणूस उभा आहे. जाळीपाशी आलेला जाणता खेळाडू कोर्टाच्या मध्यावर थांबत नाही. चेंडू ज्या बाजूला आहे त्या बाजूला तो थोडा सरकतो. त्यामुळे रेषेलगतची फट अरुंद होते. मात्र त्या फटीतून गेलेला चेंडू सर्वांत लवकर निघून जातो. तिरकी फट रुंद दिसते, पण तिथून जाणारा लांब, खोल फटका व्हॉली मारणाऱ्याच्या समोरून जातो आणि तो हात लांबवून तो अडवतो. म्हणून तिरका पासिंग शॉट आखूड, टोकदार कोनाचा आणि झटकन खाली येणारा असावा लागतो.

१७/
आणि वेळ? मागच्या रेषेवरून ताशी शंभर किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू जाळीपासून आठ फुटांवर उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. एवढ्या अवधीत पाहून, ठरवून, हलायचे असते. त्यामुळे तो अंदाजाने आधीच हलतो. म्हणूनच पासिंग शॉट मारणाऱ्याचे खरे शस्त्र वेगापेक्षाही लपवणूक हे आहे. खांदे, पावले आणि रॅकेटची मागची ओढ दोन्ही फटक्यांसाठी एकसारखी ठेवायची आणि दिशा शेवटच्या क्षणी उघड करायची.

१८/
नवशिक्याची चूक इथेच होते. जाळीपाशी कोणी आला की तो घाबरतो आणि पहिल्याच फटक्यात रेषेवर चेंडू ठेवू पाहतो. अनुभवी खेळाडू दोन फटक्यांचा हिशेब करतात. पहिला फटका पायांजवळ, खाली. त्यावर प्रतिस्पर्ध्याला चेंडू वर उचलावाच लागतो, कारण जाळीपेक्षा खालून आलेला चेंडू जोराने खाली मारता येत नाही. तो उचललेला, मवाळ चेंडू मिळाला की दुसऱ्या फटक्यात मोकळी जागा शोधायची. अधूनमधून हॅडोचा लॉबही हवाच. डोक्यावरून चेंडू जाऊ शकतो ही धास्ती असेल, तर प्रतिस्पर्धी जाळीला फार चिकटत नाही आणि पायांजवळची जागा खुली राहते.

१९/
विसाव्या शतकात हे ज्ञान शास्त्ररूप झाले. अमेरिकेचा बिल टिल्डन १९२० ते १९२५ अशी सलग सहा वर्षे आपल्या देशाचा विजेता होता. मागच्या रेषेवरून जाळीवाल्याला नामोहरम करण्यात तो निष्णात होता. १९२५ साली त्याने फिरकीचे शास्त्र मांडणारे 'मॅच प्ले अँड द स्पिन ऑफ द बॉल' हे पुस्तक लिहिले. मात्र जाळीवालेही स्वस्थ बसलेले नव्हते.

२०/
दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक क्रेमरने जाळीकडची धाव गणिती पायावर उभी केली. १९४७ साली तो विम्बल्डन विजेता झाला. त्याचा विचार साधा होता : जोरदार सर्व्हिस करा, तिच्या मागोमाग जाळी गाठा आणि प्रतिस्पर्ध्याला पासिंग शॉट मारू द्या. समजा त्याने दहापैकी चार अप्रतिम फटके मारले. टाळ्या त्याला मिळतील, गुण मात्र सहा आपल्याला. हा विचार त्याने एका अभियंत्याकडून उचलला होता. पुढची काही दशके याच हिशेबाने खेळ चालला.

२१/
हिशेब जमत होता, कारण जमीनही जाळीवाल्याच्या बाजूने होती. १९७४ पर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत. गवतावर चेंडू खाली राहतो आणि घसरत येतो. लाकडी रॅकेटचे तोंड लहान; खालून वर जोराने घासण्यात थोडी चूक झाली तरी चेंडू चौकटीला लागे. तरीही केन रोजवॉलने आपल्या काटेकोर स्लाइस बॅकहँडने आणि रॉड लेव्हरने मनगटाच्या बळावर दिलेल्या टॉपस्पिनने जाळीवाल्यांना सतावले. पण हे अपवादात्मक हात होते.

२२/
मग स्वीडनमधून ब्यॉर्न बोर्ग आला. अत्यंत ताठ ताणलेल्या तारांची लाकडी रॅकेट, दोन हातांचा बॅकहँड आणि दोन्ही बाजूंनी भरपूर टॉपस्पिन. जाणकारांना वाटले, हा मातीच्या कोर्टाचा खेळाडू. विम्बल्डनच्या गवतावर त्याचे काय चालणार? १९७६ साली एकही सेट न गमावता तो तिथे जिंकला. पुढची चार वर्षेही जिंकत राहिला. दुसऱ्या हातामुळे त्याला दोन लाभ होत : वेगवान चेंडूपुढे रॅकेट डगमगत नसे आणि दिशा अगदी अखेरच्या क्षणी बदलता येई.

२३/
५ जुलै १९८०. अंतिम सामन्यात बोर्गसमोर जॉन मॅकेन्रो. डावखुरा, सर्व्हिस बाहेरच्या बाजूला वळवून जाळीकडे झेपावणारा, व्हॉलीचा जादूगार. पहिला सेट मॅकेन्रोचा ६-१. पुढचे दोन बोर्गचे ७-५, ६-३. चौथ्या सेटमध्ये बोर्ग ५-४ ने पुढे आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-१५. विजेतेपदासाठी दोन संधी. दोन्ही मॅकेन्रोने परतवल्या. सेट टायब्रेकरमध्ये गेला.

२४/
तो टायब्रेकर ३४ गुणांचा झाला आणि वीस मिनिटांहून अधिक चालला. बोर्गला त्यात विजयाच्या आणखी पाच संधी मिळाल्या. त्या सर्व हुकल्या. त्या दिवशी गवतावर बोर्गही सर्व्हिसमागून जाळीकडे धावत होता. म्हणजे दोघेही आळीपाळीने जाळीवाले आणि दोघेही आळीपाळीने तिला भेदणारे. १८८० च्या दशकातला तो सारा वाद जणू एकाच कोर्टावर, एकाच तासात पुन्हा खेळला जात होता. टायब्रेकर मॅकेन्रोने १८-१६ असा जिंकला.

२५/
सात संधी हुकल्यावर कोणीही खचला असता. बोर्गने पाचव्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर अगदी मोजके गुण गमावले. ७-६ अशा आघाडीवर त्याला आठवी संधी मिळाली. मॅकेन्रो जाळीकडे आला. बोर्गने दोन हातांच्या बॅकहँडने तिरका पासिंग शॉट मारला आणि तो गुडघ्यांवर कोसळला. ८-६. शतकाच्या सर्वांत गाजलेल्या सामन्यांपैकी एकाचा अखेरचा गुण पासिंग शॉटने मिळाला. पुढच्याच वर्षी मॅकेन्रोने अंतिम सामन्यात परतफेड केली आणि बोर्गची विम्बल्डनमधली सलग ४१ विजयांची मालिका खंडित झाली. दोन्ही पारडी समतोल होती.

२६/
स्त्रियांच्या टेनिसमध्ये हाच संघर्ष दोन नावांनी दीर्घकाळ जगला : मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट. त्या एकमेकींविरुद्ध ८० सामने खेळल्या; ४३ मार्टिनाने जिंकले, ३७ ख्रिसने. १९८२ च्या अखेरीपासून दोन वर्षांत मार्टिनाने ख्रिसला लागोपाठ १३ वेळा हरवले. १९८४ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तर ६-३, ६-१ असे, आणि तेही ख्रिसच्या लाडक्या मातीवर. मागच्या रेषेचा खेळ संपला, असा निष्कर्ष काढायला बरेच जण सरसावले होते.

२७/
जून १९८५, पॅरिस. पुन्हा त्याच दोघी अंतिम सामन्यात. पहिला सेट ख्रिसचा ६-३, दुसरा टायब्रेकरवर मार्टिनाचा. तिसऱ्यात ५-५ असताना ख्रिस स्वतःच्या सर्व्हिसवर ०-४० अशी मागे. तो गेम तिने वाचवला. ६-५ वर विजयाच्या गुणासाठी मार्टिना जाळीकडे धावून आली आणि ख्रिसने बॅकहँडने चेंडू रेषेलगत काढला. ७-५. तेव्हा ती तीस वर्षांची होती. त्या विजयाने तिला जागतिक क्रमवारीचे अग्रस्थानही परत मिळाले.

२८/
१९८५ पर्यंतचा हा इतिहास प्रामुख्याने माणसांचा होता. पण पडद्याआड दुसरे काही घडत होते. १९७६ साली हॉवर्ड हेडने मोठ्या तोंडाची प्रिन्स रॅकेट बाजारात आणली. मोठे तोंड म्हणजे खालून वर घासताना चुकीला अधिक क्षमा. १९७७ साली दुहेरी तारांची 'स्पॅगेटी' रॅकेट अवतरली. तिच्यातून निघणारी फिरकी इतकी विलक्षण होती की, मातीवर मालिकेमागून मालिका जिंकत असलेल्या गिलेर्मो विलासने इली नस्तासेविरुद्धचा सामना निषेध म्हणून अर्ध्यावर सोडला. त्या रॅकेटवर बंदी आली.

२९/
व्हॉलीवर न आलेली बंदी शंभर वर्षांनी अतिरेकी फिरकीवर आली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी. पण फिरकी दुसऱ्या दाराने परतली. १९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानावर असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच स्पर्धा जिंकला. या तारा चेंडू लागताच बाजूला सरकतात आणि झटकन मूळ जागी येतात. त्यामुळे चेंडूला अधिक फिरकी मिळते. या वेळी नियमांनी आक्षेप घेतला नाही. काही वर्षांतच बहुतेकांच्या रॅकेटमध्ये त्या दिसू लागल्या.

३०/
उरली होती जमीन. २००१ साली विम्बल्डनने आपल्या कोर्टांवरचे मिश्र गवत बदलून केवळ रायग्रास ठेवले. ते अधिक टिकाऊ, आणि त्याखालची जमीन अधिक घट्ट. चेंडू पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि उंच उसळू लागला. जो फटका गुडघ्याखालून मारावा लागे, तो आता कमरेच्या उंचीवर मिळू लागला. मागच्या रेषेवरच्या खेळाडूला जी वस्तू कधीच पुरेशी मिळत नव्हती, ती त्याला मिळाली : वेळ.

३१/
त्याच वर्षी चौथ्या फेरीत सात वेळचा विजेता पीट सँप्रस एका १९ वर्षांच्या स्विस तरुणासमोर आला. सातचा आकडा आठवतो? विल्यम रेनशॉच्या सात विजेतेपदांशी सँप्रसने आदल्याच वर्षी बरोबरी साधली होती. दोघेही जाळीचे उपासक. पाचव्या सेटमध्ये ५-६ वर सँप्रसने सर्व्हिस केली आणि तो पुढे निघाला. समोरून फोरहँडचा परतीचा फटका रेषेलगत निघून गेला. तो तरुण होता रॉजर फेडरर. त्या दिवशी तोही सर्व्हिसमागून जाळीकडेच धावत होता, हे विशेष.

३२/
२००२ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात लेटन ह्यूइट आणि डेव्हिड नालबंदियन समोरासमोर आले. दोघेही मागच्या रेषेचे. सर्व्हिस करून जाळीकडे धावण्याचे दृश्य त्या सामन्यात जवळजवळ दिसलेच नाही. ज्या मैदानी स्पर्धेचा आरंभ गोरच्या व्हॉलीने झाला, तिथेच सव्वाशे वर्षांनी हे घडले. पासिंग शॉट जिंकला होता. इतका पूर्णपणे जिंकला होता की ज्याच्या बाजूने चेंडू काढायचा, तो माणूसच जाळीपाशी येईनासा झाला.

३३/
या विजयाची किंमत काय? पासिंग शॉट हा स्वतंत्र फटका नाही. तो उत्तर आहे. प्रश्न विचारणाराच उरला नाही, तर उत्तराचे प्रयोजनही उरत नाही. १८८० च्या दशकात व्हॉलीवर बंदी आली असती, तर लॉफर्डचा फटका, बोर्गचा बॅकहँड, एव्हर्टची ती रेषेलगतची वाट यांपैकी काहीच घडले नसते. बंदी टळली म्हणून ही परंपरा जन्मली. मोठ्या रॅकेट, नव्या तारा आणि घट्ट जमीन यांनी मिळून जे केले, ते एका परीने त्या टळलेल्या बंदीसारखेच होते. फक्त कोणी ठराव केला नव्हता.

३४/
तरी परंपरा पुरती लोपली नाही. ६ जुलै २००८, विम्बल्डन, नदाल विरुद्ध फेडरर. चौथ्या सेटचा टायब्रेकर, ७-७. फेडरर जाळीकडे आला आणि नदालने फोरहँडने अविश्वसनीय पासिंग शॉट मारून विजेतेपदाची संधी मिळवली. लगेच पुढच्या गुणाला नदाल पुढे आला आणि फेडररने एका हाताच्या बॅकहँडने चेंडू रेषेलगत काढून ती संधी हिरावून घेतली. सेट फेडररने घेतला, सामना नदालने पाचव्या सेटमध्ये ९-७ असा जिंकला. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते दोन फटके. ते घडले, कारण दोघांनी जाळीकडे येण्याचे धाडस केले.

३५/
इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सूत्र मिळते. कोणतेही कौशल्य पाहताना, ते कोणाच्या विरोधात घडले हे आधी शोधावे. आणि खेळाचे नियम वाचताना, ती मापे कोणत्या भांडणाच्या निवाड्यातून आली हेही विचारावे. जाळीच्या खांबापाशी साडेतीन फूट आणि मध्यभागी तीन फूट : या सहा इंचांच्या उतारात गोर, हॅडो, रेनशॉ आणि लॉफर्ड यांचा सारा तंटा मिटवलेला आहे.

३६/
१९८० च्या त्या टायब्रेकरचे चित्रण आजही पाहायला मिळते. सवड काढून पाहा. मात्र या वेळी चेंडूकडे पाहू नका. जाळीकडे धावणाऱ्याच्या पायांकडे आणि मागे उभ्या असलेल्याच्या खांद्यांकडे पाहा. कोण कधी हलतो आणि कोण शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, हे दिसू लागले की हा थ्रेड वाचल्याचे सार्थक झाले असे समजा. आपल्या आठवणीतला पासिंग शॉट कोणता, हे खाली जरूर लिहा.

(समाप्त)